स्वस्त प्रिंटर, महाग पान

"घरी एखादा साधा, स्वस्तातला प्रिंटर घ्यावा म्हणतोय. कुठला घेऊ?"

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या की कोथरूडच्या सोसायट्यांमधून हा प्रश्न हमखास ऐकू येतो. दहावी-बारावीच्या परीक्षा जवळ आल्या की पुन्हा येतो. दुकानात विचारला तर दुकानदार उलट विचारतो, "बजेट किती आहे?" आणि बहुतेक खरेदी तिथेच चुकते. प्रिंटरची किंमत एकदाच द्यावी लागते, पानाची किंमत मात्र पुढची कित्येक वर्षं देत राहावी लागते. म्हणून बजेटच्या आधी तीन गोष्टी ठरवायला हव्यात. घरात महिन्याला साधारण किती पानं छापली जातात? त्यातली रंगीत किती? आणि एकदा छापल्यावर पुन्हा छापायला किती दिवस लोटतात? यातला तिसरा प्रश्न कुणीच विचारत नाही, पण प्रिंटर टिकणार की भंगारात जाणार हे त्यावरच ठरतं.

१. घरात नेमकं काय छापलं जातं?

कोथरूडमधली तीन प्रकारची घरं डोळ्यांसमोर आणा.

पहिल्या घरात शाळकरी मुलं आहेत. शाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वर्कशीट येतात, प्रोजेक्टसाठी चित्रं लागतात. सेनापती बापट रस्त्यावरच्या 'बालभारती'ची पाठ्यपुस्तकं पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, त्यातला एखादा धडा सरावासाठी छापायचा असतो. ही पानं बहुतेक रंगीत असतात आणि आदल्या रात्री दहा वाजता आठवतात.

दुसऱ्या घरात इंजिनिअरिंगची विद्यार्थिनी आहे. कर्वेनगरच्या कमिन्स कॉलेजात किंवा पौड रस्त्याच्या एमआयटीत ती शिकते. तिथे छपाई थोडी थोडी होत नाही. सबमिशनच्या आठवड्यात दोनशे पानं निघतात आणि मग दीड महिना काहीच नाही. पानं बहुतेक काळी-पांढरी, मधेच एखादा रंगीत आलेख.

तिसऱ्या घरात आजी-आजोबा दोघंच राहतात. बँकेचं स्टेटमेंट, प्रवासाचा विमा, व्हिसाचे कागद, डॉक्टरांना दाखवायचे रिपोर्ट, एवढीच छपाई. महिन्याला दहा-पंधरा पानं. आणि वर्षातले काही महिने घराला कुलूप, कारण दोघं अमेरिकेला मुलाकडे असतात.

या तिन्ही घरांना एकाच प्रिंटरचा सल्ला देणं बरोबर नाही. तुमचं घर यातलं कुठलं, हे अंदाजाने ठरवू नका. झेरॉक्सच्या दुकानात पाठवलेल्या फाइली व्हॉट्सॲपवर किंवा मेलमध्ये असतातच. मागच्या तीन महिन्यांच्या काढा आणि पानं मोजा. आपण समजतो त्यापेक्षा आकडा बहुधा लहान निघतो.

२. शाईचा थेंब कागदावर कसा येतो?

इंकजेट म्हणजे शाईचे अतिसूक्ष्म थेंब कागदावर नेमक्या जागी फेकणारं यंत्र. कागदावरून डावी-उजवीकडे फिरणाऱ्या भागाला हेड म्हणतात. हेडच्या तळाशी शेकडो छिद्रं असतात, ती म्हणजे नोझल. प्रत्येक छिद्र माणसाच्या केसाहून बारीक असतं. त्यातून सुटणारा थेंब काही पिकोलिटरचा असतो. एक पिकोलिटर म्हणजे एका लिटरचा एक लाख कोटीवा भाग. तीन पिकोलिटरचा थेंब धरला, तर एक मिलिलिटर शाईतून सुमारे ३३ कोटी थेंब निघतात.

थेंब ढकलण्याच्या दोन रीती आहेत. पहिलीत छिद्रामागे एक चिमुकला हीटर असतो. तो एका सेकंदाच्या लाखाव्या भागाइतक्या वेळात शाई तापवतो, वाफेचा बुडबुडा फुगतो आणि त्याच्या दाबाने थेंब बाहेर पडतो. १९७७ मध्ये जपानमध्ये कॅननच्या प्रयोगशाळेत तापलेली सोल्डरिंग आयर्न चुकून शाई भरलेल्या सिरिंजच्या सुईला टेकली आणि सुईच्या टोकातून शाई उडाली. त्या निरीक्षणातून इचिरो एंडो यांनी ही रीत पुढे नेली. जवळजवळ त्याच सुमारास अमेरिकेत एचपीचे संशोधक स्वतंत्रपणे त्याच कल्पनेपाशी पोचले होते. त्यांचा 'थिंकजेट' १९८४ मध्ये बाजारात आला. दुसरी रीत एप्सनची. तिच्यात उष्णता नसते. विजेचा दाब दिला की किंचित आकार बदलणारा पिझो नावाचा पदार्थ छिद्रामागे बसवलेला असतो. तो वाकतो आणि थेंब बाहेर ढकलतो.

या फरकाशी घरच्या गिऱ्हाइकाला काय करायचं आहे? बरंच काही. बुडबुड्याचं हेड करायला स्वस्त असतं, म्हणून ते बदलता येईल असं बनवणं परवडतं. पिझोचं हेड टिकाऊ असतं, पण ते प्रिंटरमध्ये कायमचं बसवलेलं असतं. बिघडलं तर खर्च मोठा. पाचव्या भागात याची गरज लागेल.

रंगांचं गणितही इथेच समजून घेऊ. विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळा छापखाना काढला. तिथे देवादिकांची आणि मराठेशाहीतल्या पुरुषांची रंगीत शिळाछाप चित्रं निघत. त्या पद्धतीत प्रत्येक रंगासाठी वेगळी शिळा करावी लागे आणि कागद प्रत्येक शिळेवरून पुन्हा काढावा लागे. घरचा प्रिंटर फक्त चार शायांवर भागवतो: निळसर सायन, गुलाबी-लाल मॅजेंटा, पिवळा आणि काळा. तो त्यांचे ठिपके इतके जवळजवळ टाकतो की डोळ्याला मधला रंग दिसतो. पिवळ्या आणि मॅजेंटाच्या ठिपक्यांतून भगवा होतो, पिवळ्या आणि सायनमधून हिरवा.

३. कार्ट्रिज आणि टाकी

आता पैशांकडे येऊ. चार-पाच हजारांत मिळणारे प्रिंटर कार्ट्रिजवर चालतात. काळ्या शाईची एक डबी आणि तिन्ही रंग एकत्र असलेली दुसरी. अशा प्रिंटरमध्ये हेड बहुधा कार्ट्रिजमध्येच असतं, त्यामुळे नवं कार्ट्रिज म्हणजे नवं हेड. एवढी एक गोष्ट सोडली तर बाकी सगळं गिऱ्हाइकाच्या विरुद्ध जातं. कंपनी यंत्र स्वस्त विकते आणि नफा शाईवर काढते. साध्या कार्ट्रिजमध्ये काही मिलिलिटरच शाई असते आणि तिच्यावर साधारण शंभर ते दोनशे पानं निघतात. नव्या प्रिंटरसोबत येणारं कार्ट्रिज कधी कधी त्याहूनही कमी भरलेलं असतं.

तिरंगी कार्ट्रिजचा तोटा आपल्याकडे जास्त जाणवतो. शिवजयंतीचे झेंडे, गुढीपाडव्याच्या शुभेच्छा, गणपतीच्या आरतीचं मुखपृष्ठ, सगळीकडे भगवा, केशरी आणि लाल. पिवळा आणि मॅजेंटा संपतात, सायन शिल्लक राहतो. पण तीन कप्प्यांपैकी एक जरी रिकामा झाला तरी डबी पूर्ण टाकून द्यावी लागते. उरलेल्या सायनचे पैसे तुम्ही भरलेले असतात.

यावर लोकांनी उपाय काढला. पूर्वी पुण्यात गल्लोगल्ली सिरिंजने कार्ट्रिज रिफिल करून मिळे. पुढे काही दुकानदार प्रिंटरच्या बाजूला शाईच्या बाटल्या लावून बारीक नळ्यांनी त्या हेडला जोडून देऊ लागले. आग्नेय आशियातही हेच चाललं होतं. कंपन्यांची शाई विकली जाईना. तेव्हा एप्सनने २०१० मध्ये इंडोनेशियात स्वतःच टाकीचा प्रिंटर आणला. यंत्र महाग, शाई स्वस्त. तो पुढे भारतातही आला, आणि मग कॅनन, ब्रदर, एचपी यांनीही टाकीचे प्रिंटर काढले. आज दुकानात 'इंक टँक' म्हणून जे मिळतं त्याची मूळ कल्पना गिऱ्हाइकांनी आणि लहान दुकानदारांनी आधीच वापरून दाखवली होती, हे मला महत्त्वाचं वाटतं.

टाकीत बाटलीने शाई ओतायची. एप्सनच्या ००३ क्रमांकाच्या ६५ मिलिलिटरच्या काळ्या बाटलीवर कंपनी सुमारे ४,५०० पानं सांगते, आणि तीन रंगांच्या बाटल्यांवर मिळून ७,५००. लहान कार्ट्रिजच्या दीडशे पानांसमोर हा आकडा ठेवून पाहा.

४. एका पानाचा हिशोब

खालचे आकडे हिशोबासाठी घेतलेले गोल आकडे आहेत. दुकानातले आजचे भाव घालून तुम्ही हाच हिशोब पुन्हा करा. रीत महत्त्वाची आहे.

कार्ट्रिज प्रिंटर ४,००० रुपयांना. काळं कार्ट्रिज ९०० रुपये, त्यावर १५० पानं. म्हणजे काळ्या पानाला ६ रुपयांची शाई. रंगीत कार्ट्रिज १,२०० रुपये, त्यावरही १५० पानं, म्हणजे ८ रुपये. रंगीत पानावर काळी शाईही लागतेच, म्हणून रंगीत पान १४ रुपये.

टाकीचा प्रिंटर १२,००० रुपयांना. प्रत्येक बाटली ४०० रुपये. काळ्या पानाला ४०० भागिले ४,५००, म्हणजे सुमारे ९ पैसे. तीन रंगांचे १,२०० भागिले ७,५००, म्हणजे १६ पैसे. काळी धरून रंगीत पान २५ पैसे.

कागदाचं रिम ३०० रुपयांना, त्यात ५०० कागद. एका कागदाला ६० पैसे. झेरॉक्सच्या दुकानात, कागद धरून, काळं पान ३ रुपये आणि रंगीत १० रुपये मानू.

आता शाळकरी मुलांचं घर घ्या. महिन्याला ६० काळी आणि ४० रंगीत पानं. दुकानात १८० अधिक ४००, म्हणजे ५८० रुपये महिना. टाकीच्या प्रिंटरवर शाई सुमारे १५ रुपये आणि कागद ६० रुपये, मिळून ७५ रुपये. दरमहा ५०५ रुपये वाचतात आणि प्रिंटरचे बारा हजार दोन वर्षांत वसूल होतात. कार्ट्रिज प्रिंटरवर याच पानांना ३६० अधिक ५६० रुपयांची शाई आणि ६० रुपयांचा कागद, म्हणजे ९८० रुपये महिना. चार वर्षांची बेरीज केली तर दुकानात २७,८४०, टाकीवर १५,६००, आणि 'स्वस्त' कार्ट्रिज प्रिंटरवर ५१,०४० रुपये.

म्हणजे कार्ट्रिजवालं पान कोपऱ्यावरच्या दुकानातल्या पानापेक्षाही महाग पडतं. काळंही आणि रंगीतही. त्यामुळे ते कितीही छापलं तरी प्रिंटरची किंमत कधीच वसूल होत नाही. उलट जितकं जास्त छापाल तितका तोटा वाढतो.

फक्त काळी पानं छापणाऱ्या घराचं गणित आणखी वेगळं निघतं. महिन्याला शंभर काळी पानं. दुकानात ३०० रुपये, टाकीवर ६९. वाचले २३१. बारा हजार वसूल व्हायला ५२ महिने, म्हणजे चार वर्षं आणि चार महिने. टाकीचा प्रिंटर परवडतो तो रंगीत पानांमुळे. काळ्या पानांपुरतं पाहिलं तर झेरॉक्सवाला तगडा प्रतिस्पर्धी आहे.

आणि आजी-आजोबांचं घर? महिन्याला १५ काळी, २ रंगीत. दुकानात ६५ रुपये. चार वर्षांत ३,१२०. त्यांना मी प्रिंटर घ्या असं सांगणार नाही.

या हिशोबात एक पोटकलम आहे. कंपनी जी पानसंख्या सांगते ती आंतरराष्ट्रीय मानकातल्या ठरावीक नमुना पानांवर मोजलेली असते. त्यांवर मजकूर आणि थोडी चित्रं असतात, बराच कागद कोरा असतो. पाठ्यपुस्तकाच्या रंगवलेल्या पानाला याच्या चार-पाच पट शाई सहज लागते. टाकीवर पाचपट म्हणजे सव्वा रुपया, त्याचं काही वाटत नाही. कार्ट्रिजवर रंगाचेच ८ गुणिले ५, म्हणजे ४० रुपये होतात. एका पानाचे.

पैशांत न मोजता येणारीही एक बाजू आहे आणि ती मी हलकी मानत नाही. दुकानात छापायचं म्हणजे आधार, पॅन, बँकेचं स्टेटमेंट अनोळखी कॉम्प्युटरवर किंवा दुकानदाराच्या फोनवर पाठवायचं. ती फाइल तिथेच राहते. दुकानातून छापणार असाल तर आधार 'मास्क्ड' स्वरूपात डाउनलोड करा, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. काम झाल्यावर फाइल आपल्यासमोर पुसून घ्या. दुकानदाराला त्यात काही वाटत नाही.

५. न वापरलेला प्रिंटर का बिघडतो?

इंकजेटचा खरा शत्रू जास्त वापर नसून बंद राहणं आहे. शाई पाण्यात केलेली असते. केसाहून बारीक छिद्रात ती उघड्यावर राहिली की पाणी उडून जातं आणि रंग तिथेच घट्ट होतो. मेंदीचा कोन आठवा. दोन दिवस तसाच ठेवला की टोकाशी गाठ धरते. मग आधी कोन दाबून ती गाठ आणि तिच्यामागची थोडी मेंदी वाया घालवावी लागते, तेव्हा धार नीट येते. प्रिंटरचं 'हेड क्लीनिंग' म्हणजे अगदी हेच. आतला पंप छिद्रांतून शाई ओढून बाहेर काढतो. ती शाई कागदावर जात नाही, प्रिंटरच्या पोटातल्या स्पंजच्या गादीत जाऊन बसते.

पुण्याच्या हवेत हा त्रास चैत्र-वैशाखात जास्त. दुपारची हवा इतकी कोरडी असते की वाळत घातलेले कपडे तासाभरात कडक होतात. नेमक्या त्याच दिवसांत शाळा बंद आणि कुटुंब गावी. जूनमध्ये पहिलं वर्कशीट छापायला घ्यावं तर पानावर आडव्या पांढऱ्या रेघा. आजी-आजोबा सहा महिन्यांनी परत येतात तेव्हा एखादा रंग पूर्णच गायब झालेला असतो. सर्व्हिसवाला सांगतो, "हेड चोक झालंय."

यावर औषध साधं आहे. आठवड्यातून एकदा चारही रंग असलेलं एक पान छापायचं. वाढदिवसाचं कार्ड असो, मुलाचं चित्र असो, काहीही चालेल. कायमचं हेड असलेल्या प्रिंटरला तर हा नेम पाळायलाच हवा. घर दीर्घकाळ बंद राहणार असेल तर शेजाऱ्यांकडे किल्ली असतेच. झाडांना पाणी घालतानाच एक पान काढायला सांगा.

दुसरी गोष्ट याहून सोपी आहे आणि तरीही बहुतेक घरांत चुकते. प्रिंटर बंद करताना भिंतीवरचं बटण कधी दाबू नका. प्रिंटरचंच बटण दाबा. त्या बटणावर हेड आपल्या जागी जाऊन बसतं आणि रबरी झाकण छिद्रांवर घट्ट बसतं. भिंतीवरून वीज तोडली तर हेड असेल तिथे, उघडंच राहू शकतं. छपाई चालू असताना वीज गेली आणि तुम्ही झोपायला गेलात तर तेच होतं. म्हणून वीज आल्यावर प्रिंटर एकदा चालू करून नीट बंद करा.

रेघा आल्याच तर आधी 'नोझल चेक' छापा. प्रत्येक रंगाच्या बारीक रेषांची जाळी निघते. रेषा जिथे तुटली तिथलं छिद्र बंद आहे. मग एकदा क्लीनिंग, पुन्हा नोझल चेक. दोन-तीनदा करूनही फरक पडला नाही तर लागोपाठ करत बसू नका. रात्रभर तसंच ठेवा. आतली शाई वाळलेल्या रंगाला भिजवते आणि सकाळी बऱ्याचदा धार सुटते. लागोपाठ क्लीनिंग केल्याने टाकी रिकामी होते आणि ती स्पंजची गादी भरते. प्रिंटर तिचा हिशोब ठेवतो. मर्यादा आली की तो छपाई थांबवून सर्व्हिस सेंटर गाठायला सांगतो. काही मॉडेलमध्ये ही गादी 'मेंटेनन्स बॉक्स' म्हणून वेगळी असते आणि घरच्या घरी बदलता येते. थोडे जास्त पैसे पडले तरी तसं मॉडेल मिळालं तर घ्यावं, असं माझं मत आहे.

हेडचा फरक इथे कामाला येतो. कॅनन आणि एचपीच्या बऱ्याच टाकी प्रिंटरांत हेड सुटं मिळतं आणि स्वतः बदलता येतं. एप्सनचं हेड टिकतं जास्त, पण एकदा कायमचं चोक झालं की दुरुस्तीचा खर्च ऐकून लोक नवा प्रिंटर घेतात. रोज-एक दिवसाआड छापणाऱ्या घराने कुठलाही घ्यावा. मधे मोठे खंड पडणाऱ्या घराने सुट्या हेडचा घ्यावा आणि त्या हेडची किंमत आधी विचारून ठेवावी.

६. दोन प्रकारची शाई आणि आपली जोडाक्षरं

काळी शाई दोन जातींची असते. डाय शाईत रंग पाण्यात विरघळलेला असतो, ती कागदात मुरते. पिगमेंट शाईत रंगाचे कण न विरघळता तरंगत असतात. ते कागदावरच बसतात. फोटोच्या गुळगुळीत कागदावर डाय छान दिसते. साध्या कागदावरच्या मजकुराला पिगमेंट सरस.

इंग्रजी अक्षरांत हा फरक फारसा कळत नाही, देवनागरीत चटकन कळतो. आपल्या लिपीत एका अक्षरावर किती गोष्टी येतात! शिरोरेषा, तिच्यावर रफार, त्यावर अनुस्वार, खाली उकार. 'राष्ट्र', 'उद्ध्वस्त', 'वाङ्मय' हे शब्द दहा पॉइंटमध्ये छापून पाहा. स्वस्त कागदावर डाय शाई पसरते, आतल्या पोकळ्या भरतात आणि 'द्ध' व 'द्व' ओळखू येईनासे होतात. पहिलीतल्या मुलाला अक्षर नीट दिसायला हवं असेल तर हा मुद्दा किरकोळ नाही.

पाण्याचंही तसंच. जुलैत दप्तर भिजलं की डाय शाईचं पान पुसट निळं-जांभळं होतं. पिगमेंटचा मजकूर टिकतो. अनेक टाकी प्रिंटरांत काळी पिगमेंट आणि तीन रंग डाय अशी जोडी असते, काहींत चारही डाय असतात. खोक्यावर किंवा बाटलीवर लिहिलेलं असतं, नसेल तर विचारा. मजकूर जास्त छापणाऱ्या मराठी घराला मी काळी पिगमेंटच सुचवेन.

कागदाबद्दल थोडं. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन. ए-फोर कागद चौरस मीटरचा सोळावा भाग असतो. म्हणून ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅम आणि ५०० कागदांचं रिम अडीच किलो. ७५ जीएसएमचं रिम साधारण २ किलो ३४० ग्रॅम भरतं, ७० जीएसएमचं २ किलो १८० ग्रॅम. अप्पा बळवंत चौकातून आणलेलं रिम स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं की वेष्टनावरचा आकडा खरा की खोटा ते समजतं. पावसाळ्यात उघडं रिम प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा आणि ट्रेमध्ये लागतील तेवढेच कागद घाला. ओल धरलेला कागद वाकतो आणि अडकतो.

७. मग लेझर का नको?

इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला मी लेझर सुचवीन, फक्त काळा-पांढरा. त्यात शाई नसून टोनरची पूड असते. पूड वाळत नाही, त्यामुळे दीड महिना बंद ठेवला तरी पहिलं पान स्वच्छ येतं. पानाचा खर्च टाकीपेक्षा जास्त, साध्या कार्ट्रिजपेक्षा कमी. रंगीत आलेख खालच्या दुकानातून काढावेत. एक काळजी घ्यायची. पूड कागदावर वितळवण्यासाठी आतला रूळ सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापतो आणि त्या क्षणी यंत्र शेकडो वॅट ओढतं. घरच्या लहान यूपीएसवर किंवा इन्व्हर्टरवर तो लावू नये. इंकजेटला छापताना दहा-वीस वॅट पुरतात.

८. खोक्यावर काय वाचावं

ठळक छापलेले डीपीआयचे आकडे सोडून द्या. हातात धरून वाचायच्या पानाला ३०० ठिपके प्रति इंच पुरतात आणि ते कुठलाही प्रिंटर देतो. वेगाचे दोन आकडे असतात. 'ड्राफ्ट'चा मोठा आकडा फिकट छपाईचा असतो. आयएसओ असं लिहिलेला लहान आकडा खरा.

वायफाय घ्या. आज बहुतेक कागद फोनवरच येतात. फक्त वायरवर चालणारं मॉडेल हजार-दोन हजारांनी स्वस्त असलं, तरी दर वेळी लॅपटॉप उघडायचा कंटाळा येतो आणि प्रिंटर बंद पडून राहतो. बऱ्याच स्वस्त प्रिंटरांना राउटरची २.४ गिगाहर्ट्झ हीच लहर समजते. घरचा राउटर नुसता ५ गिगाहर्ट्झवर ठेवला असेल तर प्रिंटर सापडत नाही आणि लोक तो बिघडला असं समजतात.

वर काचेचा स्कॅनर असलेलं 'ऑल-इन-वन' मॉडेल उपयोगी. जुनी कागदपत्रं, मुलांची चित्रं, आजोबांचे फोटो, सगळं जपता येतं. दोन्ही बाजूंनी आपोआप छापणारं मॉडेल महाग असतं, ते फक्त जास्त पानं छापणाऱ्यांसाठी. पासपोर्ट आकाराचे फोटो लागत असतील तर चार बाय सहा इंचाच्या फोटो कागदावर ३५ बाय ४५ मिलिमीटरचे आठ फोटो बसतात.

९. दुकानात आणि घरी

दुकानात जाताना फोनवर दोन पानं न्या: एक बारीक मराठी मजकुराचं, एक मुलांच्या पुस्तकातलं रंगीत. कंपनीचा फुलाफळांचा नमुना सगळ्याच प्रिंटरांवर देखणा येतो, तो पाहून काही कळत नाही. आपली पानं साध्या कागदावर काढून मागा. वॉरंटी किती वर्षांची आणि किती पानांची, हे दोन्ही विचारा, कारण यातलं जे आधी संपेल ते धरलं जातं. शाईच्या बाटल्या कोथरूडमध्येच सहज मिळतात का आणि सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हेही पाहा. विद्यार्थ्याकडून वापरलेला प्रिंटर घेणार असाल तर नोझल चेक डोळ्यांसमोर काढून घेतल्याशिवाय पैसे देऊ नका.

घरी आणल्यावर पहिल्यांदा शाई भरताना टाकीतली पातळी बरीच खाली गेलेली दिसेल. नळ्या आणि हेड भरायला ती शाई लागते, गळती झालेली नसते. हे काम चालू असताना वीज जाणार नाही अशी वेळ निवडा. गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज बंद राहण्याची शक्यता असेल तर दुसरा दिवस बरा.

कोथरूडच्या जुन्या सोसायट्यांचा पुनर्विकास जोरात चालू आहे आणि अनेक कुटुंबं दोन-तीन वर्षांसाठी भाड्याच्या घरात जातात. टाकीचा प्रिंटर सामानाच्या टेम्पोत आडवा टाकू नका. आडवा झाला की शाई नळ्यांतून मागे सरकते, हवा शिरते आणि कधी कधी तळातून शाई गळते. टाकीची बुचं घट्ट करून, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून, सपाट धरून स्वतःच्या गाडीतून न्या. नव्या घरी पोचल्यावर आधी नोझल चेक काढा.

आणि जुना प्रिंटर काढून टाकायचा असेल तर तो भंगारवाल्याला किंवा कचऱ्याच्या गाडीत देऊ नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा व्यवस्थापन नियमांत प्रिंटर आणि कार्ट्रिज दोन्ही येतात आणि त्यांच्या पुनर्वापराची जबाबदारी उत्पादकावर आहे. कंपनीच्या ग्राहक सेवेला किंवा सर्व्हिस सेंटरला विचारलं की जवळचं संकलन केंद्र कळतं. द्यायच्या आधी टाकीत उरलेली शाई बाटलीत काढून घ्या, कारण एकदा जमिनीत गेली की तिथून ती परत काढता येत नाही.